अंगावर काढलेले दुखणे



मी शेती खात्यातला माणूस. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि पुढची वर्षे कापूस, तूर, सोयाबीनच्या बांधावर काढली. बायकांच्या दुखण्यावर मी लिहावे, हे तुम्हांला चमत्कारिक वाटेल. मलाही वाटत होते. पण न बोलण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

2017 साल आठवते ना? गुलाबी बोंडअळीने त्या साली कापसाची दैना केली. मी गावोगाव सभा घेऊन सांगत होतो, "बोंड वरून हिरवेगार दिसते, त्यावर जाऊ नका. फोडून आत बघा." त्याच हंगामात माझी थोरली वहिनी दुखणे अंगावर काढीत होती. पाळी जाऊन चार वर्षे झालेली, तरी पुन्हा अंगावरून जाऊ लागले होते. वेचणी उरकू दे, मग लेकीचे लग्न होऊ दे, असे करीत तिने आठ महिने घालवले. मी घरी गेलो की दादाला विचारी, "किती क्विंटल झाला?" वहिनीला कधी विचारले नाही, "तुमचा चेहरा का उतरला?" दवाखान्यात नेले तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर फार पुढे गेला होता. वर्षभरात ती गेली.

गेल्या संक्रांतीला एका गावी मी हरभऱ्याची पाहणी करायला गेलो होतो. शाळेत हळदीकुंकू होते आणि उपकेंद्राच्या सिस्टर बायांना याच रोगाची माहिती देत होत्या. मी बाहेर पारावर बाप्यांत बसलो. कार्यक्रम संपल्यावर सिस्टर माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, बायांना पटलंय. पण घरून परवानगी आणि एका रोजाची सुट्टी कोण देणार? ते तुम्ही या बाप्यांना सांगा."

म्हणून हे सांगतो आहे.

हा रोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की, त्यावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्या राहतो आणि कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे अळी बोंडात शिरण्याआधी आपल्या हाती भरपूर वेळ असतो. मात्र त्या काळात काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून दुखण्याची वाट न पाहता तपासायचे.

तपासणी साधी आहे. शिकलेली परिचारिका पिशवीच्या तोंडाला पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावते आणि मिनिटभर थांबते. बिघडलेली जागा पांढरी दिसते. पांढरा डाग म्हणजे कॅन्सरच असे नव्हे. पुढे डॉक्टर तपासतात आणि गरज पडल्यास तेवढीच जागा गारठवून किंवा शेकून बरी करतात. घाबरून पिशवी काढायला धावू नका. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी ही तपासणी करावी, असे ठरलेले आहे.

याने खरेच फरक पडतो का? तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात परिचारिकांनीच ही तपासणी केली. 2007 च्या अहवालानुसार तेथे या रोगाचे मृत्यू 35 टक्क्यांनी घटले. आपल्या मराठवाड्यातही, त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा त्यात हात होता. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बाया तुमच्याआमच्यासारख्याच खेड्यांतल्या, शेतात राबणाऱ्या होत्या.

मुलींसाठी लसही आहे. ती 9 ते 14 या वयात सर्वांत जास्त उपयोगी पडते. पुण्यात तयार झालेल्या लसीला 2022 मध्ये मान्यता मिळाली. आपल्या मुलीला ती केव्हा, कुठे मिळेल हे सिस्टरना विचारा. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवू नये.

आणि बायांनो, पाळी गेल्यावर रक्त गेले, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त गेले, घाण वासाचे पाणी जात असले, तर वेचणी थांबवा आणि दवाखाना गाठा. कापूस चार दिवस झाडावर राहिला तरी चालतो.

त्या दिवशी पारावर मी वहिनीची हकिकत सांगितली. कुणी काही बोलले नाही. मग एक म्हातारे उठले आणि सिस्टरना म्हणाले, "माझ्या दोन्ही सुनांची नावं लिहून घ्या. बैलगाडी मी जुंपतो."

तुमच्या घरची नावे कोण लिहून देणार?