चालू राहू दे

"जरा हॉटस्पॉट देतेस का?" हे वाक्य आता इतकं रुळलंय, की त्यात आपण कोणाकडे काही मागतोय असं वाटतही नाही. रेल्वेत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर... एकाने फोनवर बटण दाबायचं, दुसऱ्याने पासवर्ड टाकायचा, झालं. पण घरातल्या एका संगणकाचं इंटरनेट हवेतून दुसऱ्या संगणकाला देणं ही एकेकाळी दोन-तीन रविवार खाणारी गोष्ट होती. आणि ते जमल्यावरही एक अट उरायचीच. देणाऱ्याचा संगणक चालू असला पाहिजे! या एवढ्याशा अटीने आमच्या घरात काय काय केलं, ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

गोष्ट २००६ सालची. आम्ही नाशिकला भाड्याच्या घरात राहायचो. हॉलमध्ये टेलिफोन, म्हणून तिथेच मोडेम आणि तिथेच मोठा संगणक. तो म्हणायला घरातल्या सगळ्यांचा, पण प्रत्यक्षात नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना हे नवं व्यसन लागलं होतं. सकाळी चार वर्तमानपत्रं, मग शेअरचे भाव, आणि रविवारी अमेरिकेतल्या लेकीशी गप्पा. मी आतल्या खोलीत, एका जुन्या लॅपटॉपवर इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करायचे. काम मेलने यायचं, मेलने जायचं. म्हणजे मला इंटरनेट हवं होतं ते आतल्या खोलीत, आणि ते होतं हॉलमध्ये.

वायर टाकून बघितली. ती पॅसेजमधून, स्वयंपाकघराच्या दारावरून आत यायची. दुसऱ्याच दिवशी फरशी पुसणाऱ्या मावशींनी ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि सासूबाईंनी त्यांची बाजू घेतली. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची ना. बिनतारी राउटर तेव्हा मिळायचे, पण माझी महिन्याची कमाई बघता त्याची किंमत मला परवडणारी नव्हती. मग नवऱ्याने युक्ती काढली. मोठ्या संगणकाला वायफायचा एक छोटा डोंगल लावायचा आणि त्याचं इंटरनेट माझ्या लॅपटॉपला द्यायचं.

ही सोय काही कोणी चोरवाटेने शोधलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती १९९९च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासूनच दिलेली होती, इंटरनेट कनेक्शन शेअरिंग या नावाने. आमच्या एक्सपीमध्ये कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडायच्या, ॲडव्हान्स्ड टॅबवर जायचं आणि एका चौकोनात बरोबरची खूण करायची. आतून काय चालतं ते मला नवऱ्याने वाड्याचं उदाहरण देऊन समजावलं होतं, ते अजून विसरले नाही. वाड्यात बिऱ्हाडं दहा असली तरी टपालाचा पत्ता एकच. पोस्टमन सगळी पत्रं दिंडी दरवाजाजवळच्या बिऱ्हाडात टाकून जाणार, आणि कुठलं पत्र कोणाचं ते बघून आत पोचवणार तो दरवाजाजवळचा भाडेकरू. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसायला लागलं होतं, म्हणून घरातल्या घरात वापरायचे वेगळे आकडे ठरवून दिले गेले. ते जगातल्या कुठल्याही घरात पुन्हा पुन्हा वापरता येतात. आमच्या वाड्यात नानांचा संगणक झाला १९२.१६८.०.१, आणि त्याने मला त्याच ओळीतला एक आकडा दिला.

दोन्ही संगणक एकमेकांशी थेट बोलणार होते, मध्ये दुसरं काही नाही. या प्रकाराला ॲड हॉक म्हणतात, आणि त्याचा पासवर्डही मोठा तऱ्हेवाईक! आमच्याकडे जी वेप पद्धत चालायची, तिच्यात अक्षरं घालायची तर बरोब्बर पाच किंवा बरोब्बर तेरा. सहा चालत नाहीत, बारा चालत नाहीत. देवादिकांची नावं मोजून झाली. शेवटी नाना म्हणाले, "गावाचं नाव घाल की." इंग्रजीत जुन्या स्पेलिंगने लिहिलेलं 'नासिक' पाच अक्षरांत बसलं. (हो, हा पासवर्ड कोणीही ओळखला असता!) आणखी एक अडचण होती लोखंडी कपाटाची. रेडिओलहरी विटांच्या भिंतीतून कशाबशा येतात, पण लोखंडापुढे त्यांचं काही चालत नाही. सासूबाईंच्या लग्नातलं कपाट नेमकं दोन संगणकांच्या मध्ये उभं होतं. ते हलणार नाही हे उघडच होतं, तेव्हा माझं टेबल खिडकीखालून निघून दाराशी आलं.

हवेतला रस्ता ११ मेगाबिटचा होता आणि टेलिफोनच्या तारेतून येणारं ब्रॉडबँड २५६ किलोबिटचं. २००४च्या सरकारी धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला किमान वेग तेवढाच सांगितला होता. म्हणजे घरातला रस्ता बाहेरच्या रस्त्याच्या चाळीसेक पट रुंद! चार एमबीचं एक गाणं उतरवायला दोन मिनिटांच्या वर लागायची, तेही लाइनवर दुसरं कोणी नसेल तर. वर पाठवायचा वेग त्याहूनही कमी. रविवारी नाना अमेरिकेला फोन लावून बसले, की माझी फाईल अर्ध्यावर थबकायची, आणि माझी फाईल जायला लागली की तिकडून नणंदेचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. मग हॉलमधून हाक, "अगं, तू काही पाठवतेयस का?" आणि आतून माझं उत्तर, "झालंच नाना, शेवटचं आहे."

पण खरी अडचण वेगाची नव्हतीच. अडचण होती त्या अटीची. नानांचं वाचन अकराला संपायचं. ते संगणक रीतसर बंद करायचे, मग यूपीएस, मग भिंतीवरचं बटण. चाळीस वर्षं विजेत काढलेला माणूस. मोकळ्या खोलीत जळणारा दिवा हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता. आणि ते बटण पडलं की आत माझं इंटरनेट गेलं. एक ते चार ते हॉलमध्येच दिवाणावर झोपायचे. तेव्हा जाऊन संगणक सुरू करायचा म्हणजे यूपीएसची शिटी, पंख्याची घरघर आणि वर विंडोजची ती मंगलधून! सून म्हणून ते धाडस माझ्याच्याने व्हायचं नाही. रोज सकाळी म्हणायचे, "नाना, आज चालू राहू दे हं." ते मान डोलवायचे. तरी महिन्यातून चार-पाचदा हात सवयीने बटणाकडे जायचाच.

मला ते मागणं आवडायचं नाही, हे स्पष्टच सांगते. पगार नव्हता, ऑफिस नव्हतं, घरात कोणाला मी काय करते ते नीट माहीत नव्हतं. आणि जे काही करत होते ते दुसऱ्याच्या बटणावर टांगलेलं. नानांचा स्वभाव वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. चांगल्या माणसाकडे रोज तीच गोष्ट मागायची म्हणजे रोज थोडं थोडं लहान व्हायचं. बायकांच्या कामाबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण त्यांचं काम कुठल्या बटणावर चालतं आणि ते बटण कोणाच्या हाताशी असतं, याबद्दल फारसं ऐकलं नाही.

मग एका संध्याकाळी लोडशेडिंग झालं. त्या वर्षांत त्याचं कोणाला नवल नव्हतं, पण त्या दिवशी वीज वेळापत्रकाच्या तासभर आधीच गेली. मला सातच्या आत एक मोठी फाईल पाठवायची होती, आणि ती जात होती. लॅपटॉपला बॅटरी होती. पण मोडेम आणि मोठा संगणक यूपीएसवर, आणि यूपीएस म्हणजे फार तर दहा मिनिटं. हॉलमधून तो टीं-टीं आवाज यायला लागला. मी धावत गेले. नाना अंधारात संगणकासमोर बसले होते. मला वाटलं, आता बंद करणार. मी "नाना..." म्हणेपर्यंत त्यांनी हात पुढे केला आणि फक्त मॉनिटर बंद केला.

"जास्त वीज हाच खातो," ते म्हणाले. "आता थोडा जास्त वेळ टिकेल. तू आत जा, बघ गेली का."

काचेच्या नळीचे ते जुने वजनदार मॉनिटर खरंच बरीच वीज खायचे. हे वीज खात्यातल्या माणसाला ठाऊक असणारच. फाईल गेली. बाहेर येऊन सांगितलं, तर त्यांनी "हं" म्हटलं आणि मग यूपीएस बंद केला. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरच्या बटणाशेजारी एक कागदाची पट्टी दिसू लागली. त्यांच्या अक्षरात, लाल पेनने: 'काम चालू आहे. बंद करू नये.' रस्त्यावर खांबावर चढलेल्या वायरमनसाठी खाली अशी पाटी लावतात, तशी. माझ्या कामाला त्या घरात मिळालेली ती पहिली पाटी. त्यानंतर मला सकाळी काही मागावं लागलं नाही. दुपारी मॉनिटर काळा, डबा चालू, आणि त्या घरघरीत नाना झोपलेले.

२००८च्या जुलैत अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा मेल गेला होता, आणि तो नवी मुंबईतल्या एका घरातल्या बिनकुलपाच्या वायफायवरून गेला होता. ज्याचं कनेक्शन होतं त्या माणसाला पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावं लागलं. नानांनी ते वाचलं आणि आत येऊन विचारलं, "आपल्याला कुलूप आहे ना?" कुलूप होतं, पण नावापुरतं. आमच्या पद्धतीचं कुलूप उघडता येतं हे २००१मध्येच अभ्यासकांनी दाखवलं होतं, आणि २००७मध्ये तर ते मिनिटभरात उघडून दाखवलं होतं. हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "मग चांगलं घे. वर टाकतो मी पैसे." आमच्याकडे राउटर आला तो असा. पक्कं कुलूप आलं आणि दिंडी दरवाजाजवळचा भाडेकरू सुटला. ज्याला कोणाचंच बटण लागत नाही असा एक छोटा डबा टेलिफोनशेजारी लुकलुकायला लागला. नाना पुन्हा अकराला सगळं बंद करू लागले, अगदी समाधानाने.

मला विचाराल तर राउटर आला ते फार बरं झालं. मागावं न लागणं ही मोठी गोष्ट आहे. "पूर्वी घरात कसं सगळं वाटून घ्यायचे" असं कोणी म्हणायला लागलं, की मला आधी विचारावंसं वाटतं, तुम्ही वाटणारे होतात की मागणारे? पण हेही खरं, की त्या दोन वर्षांत माझ्या फाईली केव्हा जातात आणि नानांचा फोन केव्हा लागतो हे आम्हा दोघांना पाठ होतं. राउटरनंतर ते कोणालाच माहीत असायची गरज उरली नाही. नाना आता नाहीत. ती पट्टी घर बदलताना कुठे गेली कोणास ठाऊक.

विंडोजमध्ये २०१६पासून संगणकाचा हॉटस्पॉट करायला एक साधं बटण आलं. फोनमध्ये ती सोय त्याहूनही जुनी. आता तो चौकोन शोधायला नको, पाच अक्षरं मोजायला नकोत. जुनी अट मात्र तशीच आहे. देणाऱ्याचं यंत्र चालू लागतं, ते तापतं, त्याची बॅटरी उतरते, आणि घेणाऱ्याला ते दिसत नाही. प्रवासात कोणी मला हॉटस्पॉट देतं तेव्हा मी आधी त्यांच्या फोनची बॅटरी किती आहे ते विचारते. लोकांना गंमत वाटते.

तुमच्याकडे कोणाचा संगणक चालू राहायचा? आणि कोणासाठी?