कशाला पायजेत?

बी.कॉम. झालेल्या सुनेला खेड्यात एक पद हमखास मिळतं. सरपंचपद आरक्षणावर असतं, अंगणवाडीची जागा निघेल तेव्हा निघते. पण बचत गटाच्या वह्या लिहायला शिकलेली सून लागतेच. परभणीत वसमत रोडच्या बाजूला लहानाची मोठी झालेली मी 2024च्या सुरुवातीला लग्न होऊन मानवत तालुक्यात आले. हळद पुरती उतरायच्या आत आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला गटात नेऊन बसवलं. आधीच्या सचिवबाई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाल्या होत्या. त्यांनी एक कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत कार्यवृत्ताची वही, रोख पुस्तक, बचत-कर्ज खातेवही, चौदा पासबुकं आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड. "सोपंय समदं," म्हणाल्या आणि गेल्या.

सोपं काही नव्हतं. कॉलेजात नावे-जमा शिकवतात. एका बाईने अर्धा हप्ता रोख दिला, अर्धा पुढच्या मंगळवारी द्यायचा ठरवला आणि उशिरा आल्याचा दहा रुपये दंड जावेकडून उसना घेऊन भरला, तर ते कुठे लिहायचं, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. पहिल्या बैठकीला माझी रोकड जुळेना. सत्तर रुपये जास्त निघत होते. कमी निघाले असते तर निदान पदरचे घातले असते. जास्तीचं काय करायचं? शेवटी एका आजींच्या लक्षात आलं की त्यांनी सुट्ट्यासाठी शंभराची नोट टाकली होती आणि वर आलेले सत्तर परत घ्यायचेच राहिले होते. त्या आजींना अक्षर लिहिता येत नाही. चौदा जणींचं देणं-घेणं मात्र त्यांना तोंडपाठ आहे, आणि माझी वही त्या स्मरणशक्तीशी ताडून बघण्याचा कार्यक्रम दर मंगळवारी होतो.

बचत गट ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975 साली स्थापन झालं. नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकांशी जोडायला घेतलं. 2011 पासून राज्यात 'उमेद' अभियान आलं. गटात दहा ते वीस बाया. ठरलेली बैठक, ठरलेली बचत, त्यातूनच एकमेकींना कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशेब. याला पंचसूत्री म्हणतात. आमच्याकडे तेव्हा बचत महिन्याला दोनशे. चौदा जणींचे अठ्ठावीसशे होतात. हा आकडा बघून मी मनात हसले होते. एवढे तर माझ्या माहेरी दोन वेळा बाहेर जेवायला गेलं की संपायचे.

मग मला व्याजाचा दर कळला. शेकडा दोन, तोही महिन्याला. म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के! मी घरी येऊन आत्यांना विचारलं, की हे गरिबांसाठीचं आहे ना? आत्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "सावकार पाच घेतो. आन् ह्ये व्याज जातंय कुठं? आपल्याच पेटीत ना?" मी कागद काढला. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, तेव्हाच्या 6.7 टक्क्यांनी, महिन्याला दोनशे टाकले तर पाच वर्षांत भरलेल्या बारा हजारांचे साधारण चौदा हजार दोनशे सत्तर होत होते. गटातले पैसे त्याहून वेगाने वाढत होते, कारण कर्ज घेणारी आणि व्याज खाणारी बाई एकच होती. हे नीट समजायला मला बराच वेळ लागला, आणि अजूनही एखाद्या रात्री वाटतं की यात कुठेतरी गोम आहे. गोम एवढीच की जी कधीच कर्ज घेत नाही तिचा यात सगळ्यात जास्त फायदा आहे. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर आजी म्हणाल्या, "म्हनूनच तिला बी वर्साला येकदा घ्यायला लावतो." आणि खरोखरच लावतात.

पण मला सर्वांत चक्रावून टाकलं ते खातेवहीतल्या एका रकान्याने: 'कर्जाचे कारण'. मला वाटलं, सरकारी छापील वहीत असतात तसा एक रकाना, काहीतरी 'घरखर्च' लिहून टाकायचं. तसं नसतं. कर्ज मागणारी बाई रक्कम सांगते आणि मग तेरा जणींपैकी कोणीतरी, बहुतेक वेळा आजीच, विचारतात, "कशाला पायजेत?" तिने उत्तर द्यायचं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. त्यानंतर गप्पा, उलटतपासणी, मधेच कोणाच्या तरी म्हशीची चौकशी, आणि मग निर्णय.

त्या निर्णयांचा मला ठाव लागेना. माझ्या मते गरजेचं काय आणि उधळपट्टी काय, याची यादी डोक्यात तयार होती, आणि गट ती दर मंगळवारी उलटी करायचा. एकीने भाचीच्या लग्नात आहेर करायला चार हजार मागितले. मी म्हटलं, आता हे नाकारतील. दोन मिनिटांत मंजूर. "भावापुढं मान खाली घालावी का तिनं?" असा प्रश्न मलाच आला. दुसरीने शिलाई मशीनला पैसे मागितले. मी खूश झाले, हा तर स्वयंरोजगार, भाषणांत हेच सांगतात. तिला तीन बैठका थांबवलं. गावात आधीच शिवणाऱ्या किती? ब्लाउजचे पैसे लोक कधी देतात, हातोहात की सुगीला? जुनी मशीन मिळत नाही का? तिसऱ्या बैठकीला ती पिको-फॉलची जुनी मशीन कुठे मिळते ते शोधून आली, कारण तालुक्याला जाऊन पिको करून आणण्यात सगळ्यांचा दिवस जात होता. मग दिले.

फ्रिजची गोष्ट तर मी कार्यवृत्तात पानभर लिहिली आहे. आमच्यातली एक तरुण बाई परभणीला गेली, दुकानात शिरली आणि शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यावर फ्रिज ठरवून आली. सुरुवातीला भरायचे पैसे तेवढे गटाकडून हवे होते. आजींना टक्के नको होते. त्यांनी एकच विचारलं, "रोख दिले तर किती कमी करतो म्हनला?" तिने ते विचारलंच नव्हतं. बैठकीतूनच दुकानात फोन लावला, स्पीकरवर. रोख दिले तर तेराशे कमी, आणि हप्त्याला फाइलचे वेगळे पाचशे, असं निघालं. मी मग इंटरनेटवर शोधलं तर दिसलं की रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, ते व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने वसूल होतं. हे मी पुढच्या बैठकीत मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "मंग? त्येच तर म्हनलं म्या."

आता माझ्याबद्दल. मला फोनवर वस्तू बघत बसायची सवय आहे. दुपारी घर निजलं की मी कानातले, कुर्ते, मसाल्याच्या डब्यांचे सेट, दिव्यांच्या माळा बघते. शहरात पार्सल दारात येतं, दार लावलं की विषय संपला. इथे डिलिव्हरीचा मुलगा गावात शिरत नाही. फाट्यावर थांबून फोन करतो. फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, पानपट्टी आहे, एसटीची वाट बघणारं निम्मं गाव आहे. नवी सून खोकं घेऊन परत येताना त्या सगळ्यांना दिसते. "आज काय आलं?" हा प्रश्न मला फाटा ते घर एवढ्या अंतरात चार-पाच जण विचारायचे, आणि मसाल्याचा डबा घरात आधीच असताना दुसरा का आला, याचं उत्तर चालता चालता सुचत नाही. यूपीआयने पैसे देताना दुकानदाराच्या डब्याला आवाज आहे, माझ्या पाकिटाला नाही. इथे तो आवाज गावाने पुरवला.

मी एक केलं. फोनमध्ये हवी असलेली वस्तू सापडली की घ्यायची नाही, एका जुन्या वहीत लिहायची: वस्तू, किंमत आणि तिसरा रकाना 'कारण'. मंगळवारची बैठक झाली की ती वही उघडायची. चौदा बायांची उलटतपासणी ताजी असताना 'कारण'च्या रकान्यात 'छान दिसतंय' असं लिहिलेलं वाचवत नाही. बरंचसं तिथेच गळतं. सगळं गळत नाही. पितळी निरांजनांची जोडी मी घेतली, कारणाच्या रकान्यात 'मला आवडली' लिहून घेतली, आणि त्याचं मला काही वाटत नाही. आहेराला चार हजार चालतात तर निरांजनाला तीनशेही चालावेत.

बायांनी पैसे गटात का टाकावेत, घरात का ठेवू नयेत, हे मला एका काकूंनी सांगितलं. त्यांनी वर्षानुवर्षं तुरीच्या डाळीच्या डब्यात नोटा जमवल्या होत्या. दूध विकून, कापूस वेचून, नवऱ्याला न सांगता. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी तो डबा नवऱ्यापुढे उघडावा लागला. नोटा बदलून मिळाल्या, पण त्यातल्या बऱ्याचशा मग बी-बियाण्याच्या उधारीत गेल्या. काकूंना दुःख नोटांचं नव्हतं. "त्यांना कळलं ना," म्हणाल्या. आता त्यांच्या नावावर पासबुक आहे आणि त्यावरचा आकडा नवऱ्याला त्यांना विचारूनच कळतो, काढून घेता येत नाही.

2024च्या ऑगस्टमध्ये राखीच्या आधी लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्ट मिळून तीन हजार बायांच्या खात्यावर आले. त्या आठवड्यात मानवतच्या बाजारात साड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. मी बैठकीत ठराव मांडला की यातले हजार-हजार बचतीत टाकूया. माझा पहिलाच ठराव. पडला. मोठ्या आवाजात पडला. "पैल्यांदा आपल्या नावानं आलेत, ल्येऊ दे की गं बायांना," असं त्याच आजी म्हणाल्या, ज्या फ्रिजवर एवढं बोलल्या होत्या. मग ऑक्टोबरच्या सुमारास, कोणी ठराव न मांडता, एकेकीने महिन्याला दोनशेऐवजी पाचशे द्यायला सुरुवात केली. आधी तिघी, मग बाकीच्या. यामागचं गणित मला आजही कोणी समजावून सांगितलेलं नाही.

वर्ष भरल्यावर मी हौसेने खातेवहीतली सगळी कर्जं महिन्यांप्रमाणे मांडली. दोन ढीग दिसले. एक एप्रिल-मेमधला, लग्नसराईचा. दुसरा जूनचा, पेरणी आणि शाळा एकत्र येतात तेव्हाचा. दसऱ्याला सोयाबीन निघतं, दिवाळीच्या पुढेमागे कापूस मोजला जातो, तेव्हा घरात नोटा असतात, आणि त्याच तीन-चार आठवड्यांत कृषी केंद्राची उधारी, कपडे, भांडी, मोटारसायकलचा पहिला हप्ता असं सगळं निघून जातं. पगारदारांना महिन्याच्या पहिल्या तारखेला बाजूला काढायला सांगतात. इथे पहिली तारीख वर्षातून एकदाच येते. मी तो कागद बैठकीत ठेवला आणि विचारलं, कापसाच्या पैशातून जूनचे पैसे दिवाळीलाच गटात टाकून ठेवले तर? यावेळी हसलं कोणी नाही. "बघू," म्हणाल्या. हा शब्द गटात मंजुरीच्या बराच जवळचा आहे, असं मला वाटतं, खात्री नाही.

फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. आमच्या गावातून हिंदू-मुसलमान सगळ्या बाया जातात. दर्शन होतं, मग पाळणे, बांगड्या, क्रोकरी, प्लास्टिकची फुलं. मला वाटलं, आता गटाची शिस्त कळेल. आजींनी आदल्या मंगळवारी सांगून टाकलं, "उरसाला पाचशे न्यायचे, आन् परत आनायचे नाहीत." मोजून नेलेले, संपवायचेच. मी चिनी मातीचे कप आणले. त्यातला एक घरी येईपर्यंत फुटला. आजींनी स्वतःसाठी लाल प्लास्टिकचा गुलाब आणला आणि देवघरात खोवला.

मागच्या महिन्यात मी स्वतः पहिल्यांदा कर्ज मागितलं. झेरॉक्ससकट छापणारा प्रिंटर, पंधरा हजारांचा. गावात आधारचे, पीक विम्याचे, शाळेचे कागद काढायला लोक मानवतला जातात. तिकिटाचे पैसे आणि अर्धा दिवस. माझं कारण तयार होतं, कागदावर खर्च-उत्पन्नही मांडलं होतं, बी.कॉम.ला शोभेल असं. वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग प्रश्न सुरू झाले. शाई किती पानं पुरते? बिघडला तर दुरुस्त करणारा परभणीहून येतो का? झेरॉक्सची उधारी ठेवणार का? सरपंचाच्या घरची कागदं फुकट काढून द्यावी लागतील, ती धरली का? मी ती धरली नव्हती.

शेवटी आजींनी विचारलं, "दिवसा लाईट किती घंटे असती, मोजलंस का?" आणि विषय पुढच्या मंगळवारवर गेला. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद लावलाय; लाईट गेली की वेळ, आली की वेळ. आत्याही लिहितात. काल दुपारी दोन ते साडेचार नव्हती.