एका कंदिलाची किंमत

दुर्मिळ वस्तूचा मोह मनुष्यास किती असतो ह्याचे दाखले जगाच्या इतिहासांत पुष्कळ सांपडतात. परंतु जी वस्तु हातांत धरतां येत नाहीं, जिचा उजेड घरांतील अंधारावर पडत नाहीं, आणि जी संगणकाचा पडदा मालवतांच नाहींशी होते, अशा एका कंदिलासाठीं आम्हीं कित्येक रात्री खर्चीं घातल्या, ही गोष्ट आमच्या सहाध्यायांस सहसा खरी वाटणार नाहीं. कंदील मिळाला नाहीं तोंवर आम्ही जगास दोष देत होतों. मिळाल्यावर जें घडलें तें सांगण्यास मात्र थोडें धैर्य हवें. तें एकवटून हा लेख लिहीत आहों.

ज्या वाचकांस पडद्यावरील पाळीव प्राण्यांचा हा खेळ अपरिचित असेल त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९९६ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जपानमध्यें बंदाई कंपनीनें तामागोची नांवाचें अंड्याच्या आकाराचें एक खेळणें विकावयास काढलें. त्याच्या चिमुकल्या पडद्यावर एक जीव जन्मास येई. त्यास वेळच्या वेळीं खाऊं घालावें लागे, त्याची घाण काढावी लागे, आणि हयगय झाली तर तो मरून जाई. पुढें तीन वर्षांनीं, १५ नोव्हेंबर १९९९ रोजीं, ॲडम पॉवेल व डॉना विल्यम्स ह्या इंग्लंडमधील दोघां तरुणांनीं इंटरनेटवर निओपेट्स नांवाचा खेळ सुरू केला. त्यांतील प्राणी उपाशी राहिला तर तो ‘मरणोन्मुख’ आहे असें लिहिलेलें दिसतें. परंतु तो मरत मात्र कधींच नाहीं. २००५ सालीं व्हायाकॉम कंपनीनें हा खेळ १६ कोटी डॉलरांस विकत घेतला. काल्पनिक प्राण्यांचा संसार केवढा वाढला होता ह्याची कल्पना एवढ्यावरून येईल.

ह्या खेळांतील बाजाराची रचना मोठी चतुर आहे. तेथें दुकानें दोन प्रकारचीं. पहिलीं खेळाचीं स्वतःचीं. त्यांतील प्रत्येक वस्तूस दुर्मिळतेचा एक अंक दिलेला असतो, आणि ज्या वस्तूचा अंक ९९ च्या जवळ, ती दुकानांत क्वचितच मांडली जाते. माल केव्हां येणार ह्याची दवंडी पिटली जात नाहीं. गिऱ्हाइकानें दुकानाचें पान पुनःपुन्हां उघडून पाहावें. माल दिसतांच भाव बोलावा. आणि यंत्रांनीं परस्पर खरेदी करूं नये म्हणून जें चित्र दाखवितात त्यांत दडलेल्या प्राण्यावर नेमकें बोट टेकावें. इतकें होईपर्यंत बहुधा माल संपलेला असतो. दुसरीं दुकानें खेळाडूंचीं. पहिल्या दुकानांतून स्वस्तांत उचललेली वस्तु तेथें कित्येक पटींनीं महाग होऊन टांगलेली दिसते. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ह्याच जगांत एक अन्नछत्रही चालतें. ज्याच्यापाशीं सर्व मिळून ३,००० हून कमी नाणीं असतील, त्याच्या प्राण्यास तेथें फुकट सूप मिळतें. म्हणजे अन्नाचा दुष्काळ तेथें नाहींच. टंचाई आहे ती प्राण्यास रंगविण्याच्या कुंचल्यांची, संग्रहासाठीं लागणाऱ्या टपाल तिकिटांची, शोभेच्या वस्तूंची.

आम्ही जो खेळ खेळत होतों तो हा नव्हे. ह्याच कुळांतील एक धाकटें भावंड. त्याचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं, कारण दोष खेळाचा किती आणि आमचा किती हें पुढें दिसेलच. त्यांतील दुकानदार एक घुबड होतें. त्याच्या दुकानांत कधीं कधीं तांब्याचा एक कंदील येई. किंमत १,५०० नाणीं. तो प्राण्याच्या शेजारीं टांगला म्हणजे पडद्यावरची रात्र पिवळसर उजेडानें भरून जाई. आमच्या बाळोबा नांवाच्या सशासाठीं तो घ्यावयाचाच असा आम्हीं निश्चय केला. नाणीं तीन दिवसांत जमलीं. कंदील मात्र तीन महिने मिळेना.

रोज रात्रीं अभ्यास आटोपला कीं आम्ही पहाऱ्यास बसूं. माल कोणत्या वेळीं आला ह्याचीं टांचणें एका शंभर पानी वहींत करूं. त्या टांचणांवरून आम्हीं एक नियम बसविला, आणि दुसऱ्याच रात्रीं तो खोटा ठरला. चार वेळां कंदील डोळ्यांनीं पाहिला. चारही वेळां आमचें बोट टेकेपर्यंत ‘माल संपला’ हे दोन शब्द उमटले. पांचव्या वेळीं घरांतली वीज गेली. आणि प्रत्येक निराशेनंतर पाहावें तों तोच कंदील कोणा खेळाडूच्या दुकानांत ३०,००० नाण्यांस टांगलेला! ज्यास कंदील नको, केवळ नफा हवा, अशानें तो आमच्या समोरून उचलून न्यावा ह्याचा आम्हांस इतका संताप येई कीं अंथरुणावर पडल्यावरही त्या न पाहिलेल्या माणसाशीं आमचें भांडण चालूच असे.

शेवटीं एका शनिवारीं सकाळीं, ध्यानीं मनीं नसतां, दुकान उघडलें तों समोर दोन कंदील! आमचा हात कांपत होता. तरी दोन्ही मिळाले. एक बाळोबाच्या बिळापाशीं टांगला. दुसरा स्वतःच्या दुकानांत मांडला, आणि त्याखालीं किंमत लिहिली: ३०,०००. ती लिहितांना मनास कोठेंही अडखळल्यासारखें झालें नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे.

आमच्या धाकट्या बहिणीनेंही त्या खेळांत एक कासवी पाळली होती. तिचें नांव ठमी. ठमीस अंधाराचें भय वाटतें असें बहिणीनें स्वतःच ठरवून टाकलें होतें. दुपारीं ती आमच्यापाशीं आली व म्हणाली, “दादा, तुझ्याकडे दोन कंदील आहेत ना? एक ठमीला देशील?”

आम्ही गंभीरपणें म्हणालों, “बाजारभाव तीस हजार आहे. तूं घरची, म्हणून तुला पंचवीस.”

ती रुसली नाहीं. आईकडे तक्रार घेऊनही गेली नाहीं. आमच्या तोंडून निघालेला भाव तिनें सृष्टिनियमासारखा मान्य केला. तिच्यापाशीं तेव्हां तीन हजार नाणीं होतीं. रोज शाळेंतून आल्यावर वरून पडणारीं फळें टोपलींत झेलण्याचा एक खेळ खेळून ती पांचशें नाणीं मिळवी. तोंवर कंदील दुसऱ्या कोणास विकूं नये एवढेंच तिचें मागणें होतें. तें आम्हीं कबूल केलें, आणि आपण किती उदार आहों असें त्या वेळीं आम्हांस वाटलेंही. साडेसहा आठवड्यांनीं तिनें पुरीं पंचवीस हजार नाणीं दिलीं व कंदील नेला.

कंदील मिळाल्यावर आमची तहान भागली असेल असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. आतां आम्हांस एक रुपेरी छत्री हवी झाली, आणि ती कंदिलाहूनही दुर्मिळ. पुन्हां तोच पहारा, पुन्हां तेच दोन शब्द. अखेर खेळाच्या चालकांस आम्हीं एक लांबलचक पत्र लिहिलें. गरजू खेळाडूंच्या गरजेवर नफेखोर कसे पोसले जात आहेत, ह्याचें त्यांत हृदयद्रावक वर्णन होतें.

पुढें वार्षिक परीक्षेच्या आधीं गणितासाठीं कोरे कागद शोधतांना ती वही आमच्या हातीं आली. एक पान उघडलें. डाव्या बाजूस त्या पत्राचा मसुदा होता; ‘नफेखोर’ हा शब्द दोनदां अधोरेखित केलेला. उजव्या बाजूस आमच्याच अक्षरांत जमाखर्च होता: ‘कंदील १. खरेदी १,५००. विक्री २५,०००. नफा २३,५००.’ दोहोंच्या मध्यें फक्त वहीची शिवण होती. ज्या माणसाशीं आम्ही रात्रीं अंथरुणावर भांडत होतों तो कोण, हें त्या दिवशीं आम्हांस समजलें.

त्यानंतर आम्हीं ह्या गोष्टीचा शांतपणें विचार केला. शेतांतील धान्य पाऊस न पडल्यानें कमी पिकतें. त्या टंचाईस मनुष्याचा इलाज थोडा. घुबडाच्या दुकानांतील टंचाई तशी नव्हती. कोणीतरी एक अंक लिहिला होता; त्याच्या जागीं दुसरा लिहिला असता तर सर्व प्राण्यांच्या घरीं एका रात्रींत दिवाळी झाली असती. मग तसें कां करीत नाहींत? कारण उघड आहे. ज्या दिवशीं कंदील सर्वांना मिळेल त्या दिवशीं त्याच्यासाठीं कोणी रात्र जागविणार नाहीं, आणि खेळ चालविणारास तर आपण जागें राहावयास हवें आहों. इतका दोष रचनेचा खरा. पण तिनें फक्त कंदील थोडे केले होते. बहिणीस भाव सांगा असें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें.

निर्गम पुस्तकांतील मान्न्याची कथा आम्हीं शाळेंत अनेकदां ऐकली आहे. रानांत पडणारें तें अन्न प्रत्येकानें आपल्या गरजेपुरतें वेंचावें. ज्यांनीं तें सकाळपर्यंत सांठवून ठेविलें त्यांच्या सांठ्यांत किडे पडले. पूर्वीं आम्हांस ही शिक्षा कडक वाटे. आतां वाटतें कीं ती दयाच होती. आमच्या दुसऱ्या कंदिलांत किडे पडले असते तर आम्हांस तो विकतां आला नसता.

वाईटाची भरपाई करणें वाटतें तितकें सोपें नसतें. पुढें एकदां आम्हांस आणखी एक कंदील मिळाला, तो आम्हीं आमच्या दुकानांत खरेदीच्याच भावानें, १,५०० नाण्यांस, मांडला. क्षणार्धांत तो उचलला गेला, आणि थोड्याच वेळानें एका दुकानांत ३०,००० नाण्यांस टांगलेला दिसला! अनोळखी बाजारांत स्वस्त विकल्यानें गरजू मनुष्यास वस्तु पोंचतेच असें नाहीं. ती पोंचवावयाची तर मागणारा कोण हें पाहून त्याच्या हातीं द्यावी लागते. आणि जी एकच मागणारी आमच्या ओळखीची होती, तिला आम्हीं भाव सांगितला होता.

आम्ही तीं पंचवीस हजार नाणीं परत करावयास बहिणीकडे गेलों. तोंपर्यंत तिनें खेळ सोडून दिला होता. ती म्हणाली, “आतां तीं घेऊन मी काय करूं, दादा? रोज फळें झेलून झेलून मला त्या खेळाचा कंटाळाच आला.” तिच्या बोलण्यांत राग मुळींच नव्हता, म्हणून आम्हांस उत्तरही सुचलें नाहीं.

अजूनही कधीं कधीं आम्ही तिच्या कासवीचें पान उघडून पाहतों. ठमी भुकेनें व्याकुळ आहे असें तेथें लिहिलेलें असतें. त्या जगाच्या नियमाप्रमाणें ती मरावयाची नाहीं, आणि दुसऱ्याच्या प्राण्यास खाऊं घालण्याची तेथें सोय नाहीं. तिच्या शेजारीं तो तांब्याचा कंदील मात्र अद्याप जळत आहे.