शेवाळाची ओळख

शेवाळ म्हटले की आपल्याला विहिरीच्या पायऱ्या आठवतात आणि घासून काढणे हाच उपाय सुचतो. परदेशी लेकीकडे खाऱ्या पाण्यातील प्रवाळांची काचपेटी महिनाभर सांभाळताना उमगले, की तेथे आधी ओळख, मग उपचार.

नव्या पेटीत वाळूवर पसरते ती तपकिरी भुकटी डायटमची. पाण्यातील सिलिकेट सरले की ती बहुधा आपसूक ओसरते. हिरवे केसाळ शेवाळ नायट्रेट-फॉस्फेटवर पोसते. ते हाताने उपटावे, माशांचे खाणे आवरावे, गोगलगायी सोडाव्यात. लालसर साय तर शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. गाळ उपसून पाणी खेळते करावे.

बुडबुडे धरलेले तपकिरी चिकट तंतू दिसले, तर मात्र सूक्ष्मदर्शक काढावा. डायनोफ्लॅजेलेट असतील, तर त्यांतील काहींच्या विषाने गोगलगायीही मरतात. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आले की बरेचदा यांचेच फावते. तेथे पाणी आणखी निर्मळ करणे म्हणजे रोगालाच बळ देणे.

सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या माझ्या पिढीला हे पचायला जड. पण त्याच दोन द्रव्यांचा अंश प्रवाळांनाही जगायला लागतो. लेकीच्या सांगण्यावरून मी माशांना चिमूटभर अधिकच घालत राहिलो. प्रवाळ मिटले नाहीत.