नजरेने भिंत बांधणारा

'सुपरमॅन 4: द क्वेस्ट फॉर पीस' हा सिनेमा ओळखला जातो तो फसलेला म्हणूनच. 1987 साली आला आणि साफ पडला. गोलन आणि ग्लोबस या चुलत भावांची कॅनन कंपनी तेव्हा पैशाच्या तंगीत होती. ठरलेलं बजेट निम्म्याहून खाली, सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलरवर आलं. न्यूयॉर्क दाखवायचं होतं, ते इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स शहरात उरकलं. सुपरमॅन उडताना दिसतो ते चित्रण पुन्हा पुन्हा तेच वापरलं. पुढचा सुपरमॅन पडद्यावर यायला 2006 उजाडलं.

तरी विचार मोठा होता. नायक क्रिस्टोफर रीव्हचा कथेतही हात होता. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो, जगातली अण्वस्त्रं संपव म्हणतो. सुपरमॅन ती जाळ्यात गोळा करून सूर्याकडे भिरकावतो.

सगळ्यात जास्त थट्टा झाली ती एका दृश्याची. खलनायक चीनची भिंत फोडतो आणि सुपरमॅन नुसत्या नजरेने ती पुन्हा उभी करतो. दगड आपोआप उडून जागेवर बसतात. जगभरचे लोक यावर हसले. आम्ही मात्र हसलो नाही.

त्याचं कारण आमच्या जिल्ह्यात आहे. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. नाव किल्लारीचं झालं, पण आमच्या जिल्ह्यातलं सास्तूरही त्या पहाटे मातीला मिळालं. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे 8 हजार माणसं गेली. जमीन हलली खरी, पण माणसं मारली ती घरांनी. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच झोपलेल्या माणसांवर आलं.

माझं आजोळ लोहाऱ्याकडचं. दोन-तीन वर्षांनी एका सुट्टीत मामूंनी भाड्याने व्हीसीआर आणला. नानी तेव्हा पत्र्याच्या शेडमध्येच राहत होत्या. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. भिंतीचं दृश्य आलं आणि सगळे गप्प झाले. माझ्या खालाचा मुलगा त्या पहाटे ढिगाऱ्यातून जिवंत निघाला होता, त्याची धाकटी बहीण निघाली नाही. तो म्हणाला, "मामू, फिरसे लगाव." मामूंनी कॅसेट मागे घेतली. तीन वेळा. नानी एवढंच म्हणाल्या, "हमारे गाँव कू भी ऐसा एक आना था."

आभाळातून कुणी आलं नाही. जमिनीवरून मात्र खूप आले. जवान आले, डॉक्टर आले, कॉलेजची पोरं आली. कुणाचं प्रेत कुठल्या धर्माचं हे विचारायला कुणाला सवड नव्हती. पुढे 52 गावं नव्या जागी वसली. आमचे मामू गवंडी. भिंत नव्याने कशी बांधायची हे ते त्या काळात शिकले. कोपऱ्यात लोखंड घालायचं आणि दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा ओतायचा. घर हललं तरी भिंती एकमेकींचा हात सोडत नाहीत. आज ते कुठल्याही नव्या घरात शिरले की आधी दाराच्या वर बघतात, रंग-फरशी मागाहून.

मोठेपणी तो सिनेमा भाषा समजून पुन्हा पाहिला. शेवटी सुपरमॅन लोकांसमोर कबूल करतो की युद्धापासून मुक्ती मी तुम्हाला भेट म्हणून देईन असं वाटलं होतं, पण ती देणं माझ्या हातात नाही. लोकांना मनापासून हवी असेल तेव्हाच ती येईल. त्याच वर्षी डिसेंबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या करारावर सह्या केल्या. खुद्द रीव्ह 1995 मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला आणि 2004 मध्ये जाईपर्यंत मज्जारज्जूच्या संशोधनासाठी व्हीलचेअरवरून झगडत राहिला.

पडलेल्या सिनेमाचा वारसा म्हणून लोक कॅननची कंजुषी सांगतात. माझ्यासाठी तो शेवटच्या त्या कबुलीत आहे. नानींना हवा होता तसा कुणी येणार नाही, हे तो स्वतःच सांगून गेला. म्हणून, वाचकहो, विशेषतः लोहारा-उमरग्याकडचे असाल तर, तुमच्या दाराच्या वर तो पट्टा आहे का, आज एकदा बघून घ्या.