वाट पाहणाऱ्यांचा भूतकाळ

कोलंबियातल्या नदीकाठच्या एका गावात दर शुक्रवारी टपालाची लाँच येते. यादवी युद्धात लढलेला एक म्हातारा कर्नल तिची वाट पाहतो. पेन्शनचं पत्र त्याही शुक्रवारी आलेलं नसतं. गाब्रिएल गार्सिया मार्केसची ही छोटी कादंबरी १९६१ साली पुस्तकरूपाने आली. मार्केसच्या आजोबांनीही अशाच युद्धानंतर अशाच पेन्शनची वाट पाहिली होती. या कर्नलचं उरलंसुरलं आयुष्य एका क्रियापदात मावतं: एस्पेरार. वाट पाहणं आणि आशा धरणं, दोन्हींना स्पॅनिशमध्ये हे एकच क्रियापद चालतं. त्याला शोभणारा भूतकाळही एकच, अपूर्ण भूतकाळ. एस्पेराबा.

रूपं चालवायला हा काळ फार सोपा. ‘एस्पेर’ला हात लावायचा नाही, पुढे शेपटं जोडत जायचं. मी एस्पेराबा, तू एस्पेराबास, तो किंवा ती पुन्हा एस्पेराबा, आम्ही एस्पेराबामोस, तुम्ही एस्पेराबाइस, ते एस्पेराबान. ‘आर’ने संपणारी सगळी क्रियापदं याच चालीने जातात. ‘एर’ आणि ‘इर’वाल्यांना ‘बा’ऐवजी ‘ईआ’ लागतं: कोमेर म्हणजे खाणं, त्याचं कोमीआ, एस्क्रिबीर म्हणजे लिहिणं, त्याचं एस्क्रिबीआ. न ऐकणारी क्रियापदं फक्त तीन: असणं, जाणं आणि पाहणं. साध्या भूतकाळात विद्यार्थ्याला रडवणारी डझनावारी क्रियापदं इथे मुकाट्याने रांगेत उभी राहतात.

ही रूपं लॅटिनमधून आली. तिथे ‘स्पेराबाम’ होतं. स्पॅनिश जिभेला शब्दारंभीचा ‘स्प’ जड गेला, म्हणून आधी ‘ए’ आला; ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या उत्तर भारतीयाला यात काहीच नवल वाटणार नाही. दोन स्वरांमधला ‘ब’ मऊ पडला. आजही तो उच्चारताना ओठ पुरते मिटत नाहीत. ‘ईआ’वाल्या रूपांत तर तो झिजून नाहीसाच झाला.

खरी कसोटी वापरात लागते. कर्नलने एका शुक्रवारी दोन तास वाट पाहिली आणि तो घरी गेला, तर ते ‘एस्पेरे’च्या घरातलं साधं भूतकाळी रूप. तास मोजले, हिशेब मिटला. पण तो दर शुक्रवारी वाट पाहायचा, तर एस्पेराबा. तो वाट पाहत होता आणि तेवढ्यात पोस्टमास्तर आला, तरीही एस्पेराबा. मराठीला ‘पाहायचा’ आणि ‘पाहत होता’ यांतलं एक निवडावं लागतं. शिवाय ‘वाट पाही’ आणि ‘पाहत असे’ ही जुनी माणसंही अजून घरात आहेत. स्पॅनिश हे सगळं एका रूपावर भागवते. पत्र शेवटी आलं की नाही, हे मात्र ते रूप सांगत नाही. कारण शेवट सांगणं हे त्याचं कामच नव्हे.

ही खोड व्याकरणकारांनी फार आधी ओळखली होती. आंतोनियो दे नेब्रिहाने १४९२ साली कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं, त्यात या काळाचं नाव आहे ‘न संपलेला भूतकाळ’. कराकसला जन्मलेल्या आंद्रेस बेयोने १८४७ साली चिलीतून आपलं व्याकरण काढलं आणि याला ‘सहभूतकाळ’ म्हटलं: दुसरं काही घडलं, तेव्हा सोबत जे चालू होतं ते. बेयोचं नाव अधिक नेमकं आहे. नेब्रिहाचं अधिक सुंदर.

दोघांच्याही म्हणण्याला आउगुस्तो मोंतेरोसोची १९५९ची डायनोसॉरची गोष्ट पुरते. सगळी मिळून सात शब्दांची. तिच्यात क्रियापदं दोनच, एक जागं होण्याचं आणि एक असण्याचं. जागं होणं साध्या भूतकाळात, क्षणात आटोपलेलं. डायनोसॉरचं असणं अपूर्ण भूतकाळात. तो कधीपासून आहे आणि जाणार की नाही, कुणास ठाऊक! ती दोन रूपं अदलाबदल केली तर गोष्ट जागच्या जागी मरते.

काळ बदलला की कधीकधी अर्थही सरकतो. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं, आणि त्याच क्रियापदाचं साधं भूतकाळी रूप ‘सूपे’ म्हणजे कळलं. मराठी इथे सरळ शब्दच बदलते.

एक घोटाळा मात्र हा काळ निस्तरत नाही. एस्पेराबा कोण, मी की तो? की ती? क्रियापदाला लिंग नाही, आणि ‘मी’ व ‘तो’ यांचं रूप एकच. कर्ता गाळण्याची सवय असलेल्या भाषेत आठवण सांगणारा आणि आठवणीतला माणूस सहज एकमेकांत मिसळतात. मागचंपुढचं वाक्य पाहूनच उलगडा होतो. कथाकारांना ही सोय फारच मानवते.

माद्रिदच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणतं, ‘केरीआ’ एक किलो टोमॅटो. शब्दशः, मला हवे होते. आता नकोत की काय, असं भाजीवाला विचारत नाही. मागणी भूतकाळात ढकलली की तिची धार कमी होते. ‘तुमच्याकडे जरा काम होतं’ म्हणत दारात उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावं लागणार नाही.

स्पॅनिश मुलं याच काळात खेळ मांडतात. ‘मी बाई होते आणि तू विद्यार्थी होतास,’ असं एकीने जाहीर केलं की शाळा भरली. यात कुणालाच खरंखुरं गेलेलं काही आठवायचं नसतं. हे पुढच्या अर्ध्या तासाचं नाटक आहे. विद्यार्थ्याला शिक्षा फार झाली, की तो तडक वर्तमानकाळात येतो आणि सांगतो, मी नाही खेळत.