गिटारीची मान

सतारीच्या ज्या भागाला आपण दांडी म्हणतो, त्याला गिटारीच्या बाबतीत 'मान' हेच नाव आम्हांला यथार्थ वाटते. ती मोडली की पाहणाऱ्याला कोणाची तरी खरीच मान मोडल्यासारखे होते. नववीत शिकणारा आमचा शेजारी विद्यार्थी आपल्या घरची इलेक्ट्रिक गिटार दोन्ही हातांवर आडवी घेऊन ऐन आषाढात आमच्या सोप्यावर आला, तेव्हा तिचे डोके केवळ तारांच्या आधाराने लोंबत होते.

"सर, पप्पा पुढल्या महिन्यात येतात," एवढेच तो बोलला.

त्याचे वडील तारवटी. लग्नाकार्यांत आणि फेस्तांत उसन्या गिटारीवर वाजवीत वाढलेल्या त्या गृहस्थांनी जहाजावरच्या पहिल्या पगारातून ही घेतली होती. शहरातील एका दुकानदाराने तिच्याकडे धड न पाहताच नवी घेण्याचा सल्ला दिला होता.

वास्तविक ती उंचावरून पडली नव्हती. भिंतीला टेकलेली पेटी आतल्या गिटारीसह पाठीवर आडवी झाली, इतकेच. परंतु 1952 साली बाजारात आलेल्या गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल'च्या धर्तीवर ती घडविलेली होती. त्या घडणीत डोके सुमारे 17 अंशांनी मागे कललेले असते, आणि मान व डोके महोगनीच्या एकाच तुकड्यातून कोरतात. मानेत सरळ धावणारे लाकडाचे तंतू त्या कलत्या भागात तिरपे छेदले जातात. भरीस भर म्हणून, मान ताठ राखणाऱ्या पोलादी सळईचे टोक फिरविता यावे यासाठी नेमके तिथेच लाकूड पोखरलेले! सहा तारांचा मिळून सुमारे 45 किलोग्रॅमचा ताण अहोरात्र असतोच. अशा स्थितीत पाठीवर पडताच खुंट्यांच्या वजनाने डोके हिसका घेते. 1954 च्या 'स्ट्रॅटोकास्टर'चे डोके मागे कललेले नसते, आणि मान 4 स्क्रूंनी बसविलेली असल्याने सरळ बदलता येते. शहाणपण त्यातच आहे, हे मान्य; तरी सौंदर्याच्या प्रश्नात आमचे मत कललेल्या डोक्यालाच.

आमच्या वाड्यावरील वृद्ध मेस्त्रींना आम्ही बोलावून आणले. चष्मा पुसून त्यांनी भंग निरखला आणि "पळोवया" म्हणाले. चीर लांब व तिरपी होती, हे भाग्यच. गोंदाला धरायला भरपूर जागा मिळते. मुलगा उत्साहाने पॉलिशपेपर घेऊन धावला, त्याला त्यांनी हातानेच थांबविले. तुटलेला प्रत्येक तंतू आपली जागा ओळखतो. घासला की ती ओळख पुसली जाते. तारा काढून प्रथम गोंदाविनाच दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मग सळईच्या टोकाला मेण लावले आणि सुतारकामाचा पांढरा गोंद बारीक कुंचल्याने चिरेच्या तळापर्यंत पोहोचविला. क्लॅम्प मात्र त्या उतारावर टिकेना. तेव्हा मेणकागद गुंडाळून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून आवळल्या; कडेने पाझरलेला गोंद ओल्या फडक्याने टिपला. एरवी 24 तास पुरेसे. पण पावसाळी हवेत मेस्त्रींनी तीन दिवसांची मुदत घातली. तेवढ्या अवधीत तो मुलगा आमच्या दारावरून किती वेळा गेला, याची मोजदाद आम्ही ठेवली नाही.

चौथ्या दिवशी तारा चढविल्या, त्याही एकदम नव्हेत. थोड्या पिळायच्या, भिंगातून सांधा पाहायचा, पुन्हा थोड्या. दोन दिवसांनी ती पूर्ण सुरात आली. मेस्त्रींनी रेघ रंगाखाली लपविण्यास साफ नकार दिला.

वडील आले त्या संध्याकाळी आम्ही तिथेच होतो. गिटार मांडीवर घेताच त्यांचा अंगठा मानेच्या पाठीवरून वर सरकला आणि सांध्यावर थबकला. मुलगा श्वास रोखून उभा.

"कोणी सांधली?"

आम्ही नाव सांगितले. त्यांनी चहाचा पेला तसाच ठेवला, गिटार खांद्याला लावली आणि भर पावसात छत्री धरून मेस्त्रींच्या घराची वाट धरली.